तीन पावलं मागे

डोळ्यांना काळा डबा बांधून चित्र काढायचं, ही कल्पनाच मला पटत नव्हती. पण आमच्या ठाण्याच्या चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा तास सक्तीचा झाला आणि डोंबिवलीची ही विनिता, तैलरंगांवर जीव टाकणारी, हेडसेट घालून हवेत रेघा मारू लागली. चार रेघा मारून सवयीने मागे सरकले. त्र्यंबक सरांनी पहिल्या वर्षापासून अंगवळणी पाडलं होतं... तीन पावलं मागे जा, डोळे बारीक करा, मग बोला.

तिसरं पाऊल कुणाच्या तरी पायावर पडलं.

"मॅडम, इथे मागे नाही जायचं," आवाज आला. "चित्रच लहान करायचं. माझा अंगठा तरी वाचेल."

हेडसेट काढला. समोर डिनो. गेल्या वर्षी इथूनच पास होऊन आता लॅब सांभाळणारा, ठाण्यातच चर्चमागच्या गल्लीत राहणारा. कुरळे केस, आणि डोळे — त्यांचं नंतर सांगते, सगळं झेंगट तिथेच आहे.

"लहान करून काय कळणार? अंतर पडायला हवं," मी म्हणाले.

"माझ्या चित्राच्या आत फिरता येतं. तुझ्या कॅनव्हासच्या मागे काय असतं? खिळे."

"लाइट गेली तरी माझं चित्र जागेवर असतं."

रोज भांडून भांडून शेवटी सौदा ठरला. परीक्षेच्या पोर्ट्रेटसाठी तो माझ्यासमोर बसणार आणि लॅबच्या त्याच्या प्रोजेक्टमध्ये तो मला काढणार.

बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. दर पाच मिनिटांनी उठून कॅनव्हासमागे डोकवायचा. त्याची आई डब्यातून फुगे द्यायची, ते मऊ गोल पाव मी टर्पेंटाइनच्या हातांनीच खायचे.

"चुकलं तर अनडू नाही का गं तुमच्यात?"

"नाही. खरवडायचं. आणि तू हलू नकोस रे."

चार बैठकांत केस झाले, नाक झालं, कान झाले. डोळ्यांच्या जागी कोरा कॅनव्हास. डोळे काढायचे तर त्यांत बघावं लागतं... मी बघितलं की तोही बघायचा, आणि ब्रश पॅलेटवरच घुटमळायचा. मी त्याच्या प्रेमात पडले होते, सरळ सांगते. रंगवलं असतं तर ते सगळ्यांना दिसलं असतं, त्याला सर्वांत आधी. आणि त्याच्या मनात काहीच नसलं तर? रात्री झोप नाही, दिवसा चित्त नाही.

शुक्रवारी पाचला सबमिशन होतं. "डोळ्यांशिवाय घेणार नाही. वर्ष गेलं समज," सर म्हणाले. दुपारी दोनला मी धावत लॅबमध्ये गेले.

"डिनो, शेवटचं बसायचंय. चल."

"आधी माझं बघ," तो म्हणाला. आज थट्टा नव्हती आवाजात.

हेडसेट घातला. समोर अंधारात मीच उभी होते, पाठमोरी. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, कोपरावरचा निळा डाग, मानेवरचा तीळसुद्धा. तो तर मलाही ठाऊक नव्हता. हळूच वळसा घालून पुढे गेले. पुढे काहीच नव्हतं. चेहऱ्याच्या जागी नुसती पोकळी.

"चेहरा?"

"चाळीस वेळा केला. चाळीस वेळा अनडू." तो म्हणाला. "तू समोर बघतेस ना... हात हलतो माझा. रेघ वाकडी येते."

सगळं चित्र एकदम बघायचं होतं, म्हणून मागे सरकले. एक, दोन... तिसरं पाऊल त्याच्या पायावर पडलं. तो सरकला नाही.

"अंगठा गेला," कानाजवळ तो म्हणाला. "सरकू?"

"नको."

मग मी हेडसेट काढला, तो माझ्या कॅनव्हाससमोर येऊन बसला, आणि दीड तास हलला नाही. मीही नजर वळवली नाही. एक रेघ वाकडी आली, ती खरवडली नाही.

पाचला ओलं चित्र सरांपुढे ठेवलं. डिनो दारात उभा होता. सर तीन पावलं मागे गेले, डोळे बारीक केले.

"हा कुणाकडे बघतोय?"

अख्खा वर्ग ऐकत होता.

"माझ्याकडे, सर," मी म्हणाले.