कॉम्प्युटरच्या खोलीबाहेरच्या चपला

ते दार लोटून घे रे तोताराम. नको, राहू दे उघडंच.

दहा ते सहाची नोकरी बरी की आपल्या सवडीनं प्रोग्राम लिहिणं बरं, यावरून मघापासून दोघं माझं डोकं खाताय. मग ऐका. माझ्या साडूची, पंडितची गोष्ट आहे. खोटं वाटलं तर पिंप्राळ्यात जाऊन त्यालाच विचारा.

साल चौऱ्याण्णव. पोळ्याची आदली रात्र. सकाळी धुळ्याला गिऱ्हाइकाकडे जायचं म्हणून जेवण उरकून पंडित ऑफिसातून फ्लॉपी आणायला निघाला. ऑफिस म्हणजे माणकचंद शेठच्या दुकानावरची माडी. तेव्हा कॉम्प्युटरचे लाड फार. चपला बाहेर काढल्याशिवाय खोलीत पाय ठेवायचा नाही.

तिथं आधी पंडितच्या जोडीला प्रोग्राम लिहायला जीवराम होता, अमळनेरचा. घरी आई भिकुबाई अंथरुणाला खिळलेली, शेजारणीच्या भरवशावर. दिवसा तिच्याजवळ थांबता यावं म्हणून त्यानं शेठकडून वेळेची सूट मागून घेतली. शेठ म्हणाला, "काम झाल्याशी मतलब. केव्हाही ये, केव्हाही जा." झालं. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला खुर्चीतून उठणारा पोरगा, आता उठेचना. हे संपलं की जातो, ते संपलं की जातो. संपतंय कुठलं? आषाढात एका पहाटे घरी निघाला. लुनावरच डोळा लागला आणि ट्रकखाली गेला. चपलासुद्धा सापडल्या नाहीत. मला अजून राग येतो. कोणावर, ते कळत नाही.

तीच सूट आता शेठनं पंडितला देऊ केली होती. सकाळी उत्तर द्यायचं होतं. पंडित हो म्हणणार होता.

तर, जिन्याचं कुलूप त्यानंच उघडलं. लाईट गेलेली. काडी ओढली.

खोलीबाहेर चपला.

एकीचा अंगठा तांब्याच्या तारेनं बांधलेला. ती तार पंडितनंच जीवरामला बांधून दिली होती.

काडी विझली.

आतून आवाज. टक. टक टक. की-बोर्डचा...

लाईट नव्हती रे.

आवाज थांबला.

"पंडितभाऊ... आते जाऊ का घर? माय वाट देखस."



पुन्हा टक टक सुरू झालं. दमलेलं. सावकाश.

तेव्हा पंडितला रडूच आलं. म्हणाला, "जा जीवराम. काम झालं. सुटी झाली तुला."

...

दुसरी काडी ओढली. चपला नव्हत्या.

फ्लॉपी राहिली तिथंच. सकाळी त्यानं शेठला सांगितलं, मला दहा ते सहाच द्या. धुळ्याचं काम सोडलं आणि अमळनेरची एसटी धरली.

भिकुबाई खाटेवर पडून होती. चेहरा मात्र शांत.

"कालदिन रातले बरी झोप लागनी, भाऊ," म्हणाली. "बाहेर का उभा? ये ना घरात."

पंडितला उंबरा ओलांडवेना. उंबऱ्याबाहेर चपला होत्या. नीट काढून ठेवलेल्या, तोंडं घराकडे. एकीच्या अंगठ्याला तांब्याची तार.