मागून येणारी आई

“आई मागून येतेय,” असं बाबा मला सांगायचे आणि मी शहाण्या मुलीसारखी वाट बघत बसायचे.

आम्ही ढेकळावर राहतो. ढेकूळ हे आमच्या लघुग्रहाचं (सूर्याभोवती फिरणाऱ्या खडकाचं) लाडाचं नाव. अवाढव्य गुरू ज्या वाटेनं सूर्याभोवती फिरतो, त्याच वाटेवर, पण त्याच्या बराच पुढे आमचा खडक असतो. गुरूच्या तेवढाच मागे आणखी एक खडक आहे. आईबाबांचं बिनसलं, तेव्हा आई त्या मागच्या खडकावर बर्फाच्या खाणीत नोकरीला गेली.

वाट एकच, दिशाही एकच. मग ती आम्हाला गाठत का नाही? शेवटी मी आबांना विचारलं. आबा म्हणजे आईचे वडील. यानांचे मार्ग आखणं हे त्यांचं काम.

त्यांनी आधी नजर चुकवली. मग चुंबकाच्या तीन वाट्या टेबलावर चिकटवल्या. “हा सूर्य, हा गुरू, हे आपण. तिघांमधली अंतरं सारखी. या जागी सूर्य आणि गुरू यांची ओढ अशी जुळते, की खडक जरा इकडेतिकडे सरकला तरी गुरूला सोडून जात नाही. मागेही अशीच जागा आहे. अशा खडकांना ट्रोजन लघुग्रह (ग्रहाच्या वाटेवरचे सोबती) म्हणतात. एका फेरीला गुरूला जवळजवळ बारा वर्षं लागतात. आपल्यालाही तेवढीच. तिलाही.”

“म्हणजे अंतर कधीच मिटणार नाही?”

“नाही.”

बाबा खोटं बोलत नव्हते तर. आई मागूनच येत होती, जन्मभर मागूनच! मी रागानं सूर्य उपटून फेकला. पण ढेकळावर वजन नावालाच. वाटी खाली आदळलीच नाही, आपली तरंगत गेली. इथे धड रागावताही येत नाही.

“मग आपण यानात बसू आणि ब्रेक लावून थांबू तिच्यासाठी!”

“तिथेच तर गंमत आहे, निरू. ब्रेक लावला की यान सूर्याकडे घसरतं, आतल्या लहान कक्षेत (फिरण्याच्या वाटेत) जातं. तिथे फेरी छोटी आणि वेग जास्त. थांबायला जावं, तर आपणच पुढे पळतो. मागच्याला भेटायचं तर पुढे जोर लावायचा. मग यान बाहेरच्या मोठ्या कक्षेत चढतं, तिथे रेंगाळतं आणि मागचा जवळ येतो.”

“गंमत? तुम्हाला गंमत वाटते?”

“नाही गं,” आबा म्हणाले. “माझीही मुलगीच आहे ती.”

मी आईला संदेश पाठवला. “तू येणार आहेस का? खरं सांग.” तिच्यापर्यंत प्रकाशालाही पोचायला तासाहून जास्त वेळ लागतो. उत्तर आलं तेव्हा जेवणं उरकली होती.

“नाही, निरू. मी येणार नाही. हे मीच तुला आधी सांगायला हवं होतं.”

मी खूप रडले. आबांनी समजूत घातली नाही, हे बरं केलं. रडून झाल्यावर मी विचारलं, “बाहेरच्या कक्षेत चढायला किती जोर लावावा लागतो?”

“मोठी झालीस की...” म्हणता म्हणता ते थांबले. “गणित अवघड आहे. शिकायला वर्षं लागतील. आणि ती येणार नाही म्हणालीय, बाळा.”

“हो. पण ‘तू येऊ नकोस’, असं नाही म्हणाली.”