'लहानू' परवानगी मागतो आहे

सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी धानखरेदीची बातमी लिहीत होतो. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात टिंग वाजून सुरक्षेच्या सॉफ्टवेअरची पिवळी चौकट आली. घरच्या नेटवर्कवरचा 'लहानू' हा कॉम्प्युटर तुमच्या कॉम्प्युटरला फाइल पाठवू पाहतो आहे. परवानगी द्यायची की अडवायचे?

मी अडवले. मिनिटभराने चौकट पुन्हा आली. मग तिसऱ्यांदा. नंतर काही नाही.

कुरखेड्यातल्या आमच्या घरात दोनच कॉम्प्युटर आहेत. एक माझा, दुसरा माझ्या मुलीचा, साक्षीचा लॅपटॉप. लहानू हे माझ्या वडिलांचे नाव. घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मीच ते त्याला दिले होते. बा तीन वर्षांपूर्वी गेले. त्याच वर्षी तारेवर वीज पडून तो कॉम्प्युटरही जळाला. डिस्क मी फेकून दिली. रिकामा डबा माळ्यावर आहे.

"बाजूच्या पत्रूकाकाच्या पोट्ट्यायनं आपला पासवर्ड चोरला असन," साक्षी म्हणाली. "फुकटात क्रिकेट पाहून राह्यले असतीन."

मी पासवर्ड बदलला. मंगळवारी चार-दहाला चौकट आली, तीनदा. बुधवारी लॅपटॉप बंद ठेवला, सगळ्यांचे मोबाइल वायफायवरून काढले. चार-दहा, तीनदा. गुरुवारी सकाळी माळ्यावर चढलो. डब्यात उंदरांनी तणसाचे घर केले होते. विजेची वायर अर्ध्यातून कुरतडलेली होती. दुपारी पुन्हा तेच.

खरे तर त्या आठवड्यात मला या भानगडीला वेळ नव्हता. साक्षीचा नर्सिंगचा प्रवेश जातवैधतेवर अडला होता. १९५० पूर्वीचा पुरावा शुक्रवारी पाचच्या आत ऑनलाइन चढवायचा होता, नाहीतर जागा जाणार होती. पुरावा एकच होता. गावातले जन्म-मृत्यू ज्यात लिहीत त्या कोतवाल बुकात बांच्या जन्माची नोंद होती. पुढे बा स्वतः कोतवाल झाले, तेव्हा त्यांनी त्या पानाची नक्कल काढून ठेवली. नक्कल आमच्या पेटीत वाळवीने खाल्ली. तिचा स्कॅन जळालेल्या डिस्कवर होता. आणि तहसील कचेरीतल्या मूळ पानाचा आता हात लावताच भुगा होतो.

शुक्रवारी साक्षी न जेवता अंगणात बसली होती. आई माझ्या खोलीच्या दाराशी तांदूळ निवडत होती. चार-दहाला चौकट आली. मी अडवली. पुन्हा आली. अडवली.

"काय वाजते रे रोज याच वख्ताले?" आईने विचारले.

"काई नाई. कोणता तरी कॉम्प्युटर आत येऊ मांगते."

"किती डाव?"

"तीन डाव. मंग चुप."

आईचे हात सुपात थांबले.

कोतवाल असताना बा सरकारी नोटीस घेऊन निघाले की ज्याच्या त्याच्या दाराबाहेर उभे राहत. तीन हाका मारत. 'ये' म्हटले नाही तर परत फिरत आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी हजर होत. त्यांच्या तरुणपणी त्यांना आत बोलावणारी घरे मोजकीच होती. पुढे काळ बदलला, त्यांची सवय बदलली नाही. कागद दिला की मात्र सहीची नाहीतर अंगठ्याची पोच घेतल्याशिवाय ते हलत नसत. त्यासाठी जांभळ्या शाईची डबी त्यांच्या खिशात असे. ती आम्ही त्यांच्याबरोबरच मातीत ठेवली.

"पाच रोज झाले," आई म्हणाली. "अन् तू त्यायले दारातूनच वापस धाडून राह्यला. त्यायचा लेक म्हनवते सोताले."

"आई, हे सॉफ्टवेअर आहे."

"असू दे ना. ये म्हन त्यायले. काय जाते तुयं?"

तिसरी चौकट आली.

चौदा वेळा मी अडवले होते. पंधराव्यांदा परवानगी दिली.

एकच फाइल आली. उघडली.

सन १९४४. मुलगा. नाव लहानू, बापाचे नाव सोमाजी. जातीचा रकाना स्पष्ट. कागदाला वाळवीचे एक भोकही नव्हते.

मी साक्षीला हाक मारायला अंगणात धावलो.

चार एकेचाळीसला पुरावा चढला. "पोचला! बाबा, पोचला!" साक्षी ओरडली आणि आजीला उचलून गरगर फिरवू लागली. "सोड वो पोरी, हाडं मोडतीन," म्हणत आई हसत होती. कित्येक दिवसांनी त्या पोरीने दोन ताटे भात खाल्ला. पुढच्या महिन्यात प्रमाणपत्र हातात आले. चौकट परत कधी आली नाही.

त्या शुक्रवारीच संध्याकाळी सवयीप्रमाणे मी सॉफ्टवेअरची नोंदवही तपासली. दोन ओळी होत्या.

४.१२. 'लहानू'कडून एक फाइल आली.

४.१४. 'लहानू'ला एक फाइल गेली.

मी काहीच पाठवले नव्हते. चार-चौदाला मी अंगणात होतो. खोलीत फक्त आई होती, आणि तिला अजून मोबाइलही लावता येत नाही.

मी विचारायला बाहेर आलो. आई मोरीवर बसून उजवा अंगठा दगडावर घासत होती.

पाणी जांभळे होऊन वाहत होते.