श्रीनिवासमामांच्या स्पीकरला भोक

“बोट घातलंस ना आत? खरं सांग, भामा!”

श्रीनिवासमामांचा आवाज इतका चढला, की वेंकूमामी स्वयंपाकघरातून धावत आल्या. मामांच्या पुढ्यात त्यांचा लाडका स्पीकर होता. रेडिओला जोडायचा, लाकडी पेटीतला, चांगला ताटाएवढा! त्याच्या काळ्या कागदी पडद्याला भलंमोठं भोक पडलं होतं.

“मी नाही, मामा! मी नुसती ऐकत होते.”

“सेतू आणि राजम त्याच्या वाटेलाही जात नाहीत. तूच दिवसभर त्याला कान लावून बसतेस! उद्या सकाळच्या बसनं ओरत्तनाडूला परत जायचं!”

उपरणं झटकून मामा बाहेर पडले.

भामाचे डोळे भरून आले. तंजावरच्या सुट्टीची ती वर्षभर वाट बघत होती. आणि आता खोटारडी ठरून घरी जायचं?

“अय्यो, रडून भोक बुजतं का गं?” मामांची नऊ वर्षांची मुलगी राजम म्हणाली. “चल, बघू तरी!”

तिच्या दादानं, सेतुमाधवनं, आधी प्लग काढला. तिघं पेटीवर वाकली.

“बोट घातलं असतं तर कागद आत दुमडला असता,” भामा डोळे पुसत म्हणाली. “इथं तर कडा कुरतडल्यात!”

“उंदीर!” सेतू ओरडला.

“पण,” भामा म्हणाली, “शेजारी वर्तमानपत्रांचा एवढा ढीग आहे, त्याला दातसुद्धा लागलेला नाही. स्पीकरचाच कागद त्याला एवढा गोड का लागला?”

भोकाशेजारी काहीतरी पांढरट, वाळलेलं चिकटलं होतं. भामानं ते नखानं खरवडून बोटांत चुरडलं.

“हा तर रवा!”

“स्पीकरला उप्पुमा कुणी भरवला?” राजम खिदळली.

आणि तिघांची नजर एकदमच कोपऱ्यातल्या मृदंगाकडे गेली. मामा भजनात मृदंग वाजवत. बसण्याआधी डाव्या पुडीच्या कातड्याला भिजवलेला रवा थापत आणि वाजवून झालं की तो खरवडून टाकत.

“अप्पांना सरळ विचारलं तर खवळतील,” सेतू म्हणाला.

“मग वाकडं विचारू!” राजम म्हणाली.

संध्याकाळी मामा ओट्यावर पान लावत बसले होते. राजम त्यांना बिलगली.

“अप्पा, मृदंगाला रवा कशाला लावायचा?”

मामा खुलले. “कातड्यावर भार पडला की आवाज कसा खाली उतरतो, घुमतो!”

“आपला स्पीकरही असा घुमवता आला असता, तर काय मजा आली असती!”

“आला असता काय? घुमवला की! परवा रेडिओवर गाण्याची कच्चेरी लागली, तेव्हा लिंबाएवढा गोळा थापला, आणि काय सांगू—”

मामांचा पानाचा हात तिथंच थांबला.

“आणि नंतर काढलात का हो?” दारातून वेंकूमामींनी विचारलं.

“मृदंगाचा काढतो... ह्याचा राहिला.”

“म्हणजे उंदराला जेवायला तुम्हीच बोलावलंत!”

मामांनी भामाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “चुकलो गं पोरी. आता हा स्पीकर मद्रासलाच धाडायला हवा.”

“आधी आम्ही बघतो ना, मामा!”

भामानं ओलसर फडक्यानं उरलेला रवा हलकेच पुसून काढला. कागद सुकल्यावर तिनं पतंगाच्या कागदाची दोन ठिगळं कापली.

“पातळ फाटेल. जाड पुठ्ठा लाव,” मामा म्हणाले.

“पडदा पुढंमागं थरथरतो, तेव्हा आवाज निघतो. पुठ्ठ्यानं तो जड होईल.”

“बरं, मग भाताची खळ करू?”

“नको!” तिन्ही मुलं ओरडली. “पुन्हा उंदराला मेजवानी?”

सेतूनं सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन आणलं. रबराचं ते, वाळलं तरी लवचीक राहणार! एक ठिगळ पुढून बसलं, एक मागून. मामांनी स्वतः पेटीच्या मागं तारेची जाळी ठोकली.

सकाळी प्लग लावला. सगळ्यांनी कान टवकारले.

भर्रर्र!

भामाचा चेहरा उतरला. मग तिनं कान जवळ नेला. “प्लग काढ, सेतू! ठिगळाची एक कड सुटलीये!” तिनं कडेखाली सोल्यूशनचा थेंब सोडला, कड बोटानं अलगद दाबून धरली आणि धीरानं वाळू दिली.

पुन्हा प्लग लागला. या वेळी नादस्वराच्या सुरांमागून तविलाचा ढोल असा घुमला, की शेजारचे सीतारामराव बघायलाच आले.

“काय श्रीनिवासराव, नवा स्पीकर घेतलात?”

“छे हो! जुनाच. बिघडवला मी आणि दुरुस्त केला आमच्या भामानं!” मामा गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “शाळा उघडेपर्यंत ती कुठंही जायची नाही, बरं का!”