खालची मर्यादा

वाळलेली वनस्पती कागदावर शिवायला हिरवा दोरा लागतो. पांढरा दोरा डोळ्यांत भरतो, आणि डिंक लावला तर काही वर्षांनी किडे येतात. आमच्या वनस्पती संशोधन केंद्रात हे शिवणकाम ग्लाफिरा सेम्योनोव्हना करत असत. त्या पूर्वी मासेमारीची जाळी विणायच्या, त्यामुळे त्यांच्या गाठी लहान आणि पक्क्या असायच्या. १९७८च्या मार्चमध्ये त्या रोज वीस-बावीस नमुने शिवून माझ्या टेबलावर आणून ठेवत आणि मी त्यांची नावं ठरवत असे.

ध्रुवीय प्रदेशातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लेनिनग्राडहून निघणार होता. त्यातला हनीसकल, एल्डर आणि व्हॅलेरियन यांच्या गोतावळ्याचा भाग माझ्याकडे होता. गोतावळा आपला म्हणायचा. इतक्या उत्तरेला त्यातले फार थोडे तग धरतात. निळ्या फळांची हनीसकल, जमिनीवर सरपटत जाऊन एका देठावर दोन फुलं धरणारी लिनिया, ओढ्याकाठच्या व्हॅलेरियनच्या चार-पाच जाती. एल्डर आमच्या खिबिनीच्या डोंगरांत फक्त रेल्वे वसाहतीच्या कुंपणाशी होतं, तेही कुणीतरी दक्षिणेहून आणून लावलेलं.

व्हॅलेरियनचं कपाट उघडलं की खोलीभर तो ओळखीचा, पायमोज्यांसारखा वास पसरे आणि केंद्राचा बोका दाराशी येऊन बसे.

"आले अकादमीशियन," ग्लाफिरा सेम्योनोव्हना सुई न थांबवता म्हणायच्या. "बघा, अजून एक माणूस फुकट काम करायला तयार आहे."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सगळी कपाटं संपली. एकच गठ्ठा बघायचा राहिला होता. तो माळ्यावर होता, अकरा वर्षं.

तो इनोकेंती ल्वोविच तारूसिनचा गठ्ठा होता. आम्ही त्याला केशा म्हणायचो. १९६७च्या ऑगस्टमध्ये तो सुएलवूमच्या दरीत एकटा नमुने गोळा करायला गेला आणि परतला नाही. शोधपथकाबरोबर केंद्रातर्फे मी होते. तंबू जागेवर होता, चहाची किटली होती, वनस्पती दाबण्याची चौकट होती, नोंदवही होती. तो नव्हता. पाच दिवस आम्ही दरी पालथी घातली. तेरा ऑगस्टला पथकप्रमुखाने माझं मत विचारलं आणि शोध थांबवायला हरकत नाही, असं मी लिहून दिलं. त्याच दुपारी केशाचे नमुने मी माझ्या हाताने बांधले आणि पोलीस अधिकाऱ्याने दोरीच्या गाठीवर शिशाचं सील दाबलं. पावतीवर मीच लिहिलं होतं: सोळा नमुने, क्रमांक २४०१ ते २४१६.

हे क्रमांक आमच्यात महत्त्वाचे असतात. माणूस आयुष्यात तोडलेल्या पहिल्या वनस्पतीला एक म्हणतो आणि मरेपर्यंत तीच मोजणी पुढे नेतो. केशाच्या नोंदवहीतली शेवटची नोंद चार ऑगस्टची होती: "२४१६. व्हॅलेरियन? माझ्या ओळखीची नाही. तंबूपासून वीस पावलं. उंची ४१२ मीटर. आढळ तुरळक." जात नवी निघाली तर तिला त्याचं नाव द्यावं, 'दिवंगत इनोकेंती तारूसिन यांच्या स्मरणार्थ', असं विभागात ठरलं होतं. त्याच्या बायकोने, रईसाने, जिला मी राया म्हणायचे, त्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी आजवर अर्ज केला नव्हता. छापील ग्रंथात 'दिवंगत' हा शब्द आला की तिच्या न बोललेल्या हट्टावर आम्ही शिक्का मारल्यासारखं होणार होतं, हे मला कळत होतं.

ग्लाफिरा सेम्योनोव्हनांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि हात झटकले.

"सोळा म्हणालात ना, लीदिया कोंद्रात्येव्हना? सोळा नमुने एवढे जड असतात होय? दगड भरलेत की काय त्याने?"

"एकेका क्रमांकाची दोन-तीन रोपं घ्यायचा तो."

सील शाबूत होतं. मी ते कात्रीने कापलं. वर्तमानपत्राच्या घड्या एकेक करून उघडत गेले. कागद सगळे १९६७चे, बहुतेक जूनचे, पिवळे आणि कडक. पहिले सोळा क्रमांक नोंदवहीप्रमाणेच होते. सोळाव्या घडीत ती वनस्पती होती. तिच्याखाली एक घडी वरच्या कागदाला चिकटून बसली होती. फाटेल म्हणून मी ती बाजूला ठेवली. त्याखालच्या घडीत केशाच्या पेन्सिलीच्या अक्षरात चिठ्ठी होती: २४१८.

मी नोंदवही पुन्हा पाहिली. मग पुढच्या घड्या उघडल्या. शेवटचा क्रमांक २४३८ होता.

याला साधं कारण असणार, असं मी धरून चालले. केशाने नोंद न करता नमुने घेतले असतील आणि बांधताना माझी मोजणी चुकली असेल. ग्रंथाचं काम अंगावर होतं, तेव्हा मी सरळ वनस्पतीकडे वळले.

आम्ही ज्या किल्लीने वनस्पती ओळखतो, तिच्यात एक प्रश्न आणि दोन उत्तरं असतात. उत्तर निवडलं की पुढचा प्रश्न. पुंकेसर किती? तीन असतील तर व्हॅलेरियनकडे जा, चार तर लिनियाकडे, पाच तर हनीसकल आणि एल्डरकडे. या रोपाच्या एका फुलात तीन होते. शेजारच्या फुलात चार. त्याच देठावरच्या तिसऱ्या फुलात पाच. फळ हनीसकलसारखं रसाळ, पण माथ्यावर व्हॅलेरियनच्या बीचा पिसारा, जो वाऱ्यावर उडण्यासाठी असतो. रसाळ फळाला पिसाऱ्याचा काय उपयोग, हे मला सुचेना. पान एल्डरचं. दोन दिवस मी तीच किल्ली चालवत राहिले, आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही उत्तरं बरोबर येत होती.

तिसऱ्या दिवशी मी मुळं पाहिली. अशा वनस्पतीच्या मुळावर दर वर्षी वाळून गेलेल्या खोडाचा एक व्रण राहतो. २४१६ला तीन व्रण होते. २४१८ला तीन, पण तिला पिकलेली फळं होती, जी आमच्याकडे सप्टेंबर सरताना पिकतात. २४२०ला चार. २४२५ला सात. २४३८ला चौदा.

मी भिंग खाली ठेवलं आणि पुन्हा मोजलं. चौदाच.

"काय झालं?" ग्लाफिरा सेम्योनोव्हनांनी विचारलं. "चेहरा असा का? पंचविशीत असताना कुणी नकार दिला होता, तो आज आठवला?"

"हे बांधलं तेव्हा सील माझ्यासमोर लागलं होतं."

त्या उठून आल्या. चिठ्ठ्या वाचू लागल्या. त्यांना लॅटिन येत नव्हतं. आकडे येत होते.

"हे कसले आकडे? चारशे नऊ, तीनशे एकाहत्तर, एकशे अठरा."

"उंची. समुद्रसपाटीपासून."

"आणि दरीचा तळ किती उंचीवर?"

"चारशे बारा."

उंची मोजण्याचं यंत्र हवेच्या दाबावर चालतं. वादळात ते वीस-तीस मीटर चुकतं. तीनशे मीटर चुकत नाही. २४३८च्या चिठ्ठीवर उंची सहा मीटर होती. मी रोपं ओळीने मांडली. पहिली हिरवी होती. पुढे पुढे पानं फिकट होत गेली होती, देठ लांब आणि हडकुळे, तळघरातल्या बटाट्याला फुटणाऱ्या कोंबांसारखे. शेवटचं रोप पूर्ण पांढरं होतं. त्याला फुलं होती.

बोका त्या आठवड्यात खोलीत आला नाही.

रईसा मात्वेयेव्हना रेल्वे स्टेशनच्या उपाहारगृहात काम करत असे. मी तिला निरोप पाठवला. ती कामावरून परस्पर आली, अंगाला कोबीचं सारण भरलेल्या पिरोगांचा वास, हातात त्यांचं पुडकं.

"खाऊन घे आधी," ती म्हणाली. "तोंड बघ कसं झालंय. मग सांग काय ते."

मी काहीही न वगळता सांगितलं. तिने हात धुतले, पुसले आणि चिठ्ठ्या एकामागून एक पाहिल्या. तिला उंचीत रस नव्हता.

"इथे हात गारठलेत त्याचे. हा '८' बघ, असा उघडा राहतो गारठ्यात. इथे पण." बऱ्याच वेळाने ती २४३०वर थांबली. "इथे नाही. इथे बरा आहे."

"राया, हे त्याचंच अक्षर आहे, अशी खात्री आहे तुझी?"

"माझ्या नवऱ्याचा आठ मला तू शिकवू नकोस, लीदा." मग तिने चिकटलेल्या घडीकडे बोट दाखवलं. "हे का नाही उघडलंस?"

"फाटेल."

"किटलीच्या वाफेवर धर. पाकिटं नाही का उघडत लोक?"

ग्लाफिरा सेम्योनोव्हनांनी किटली चढवली. वाफेवर कागद सैल झाला आणि त्यांनी सुईच्या टोकाने तो अलगद सोडवला. आत २४१७ होती. लहानसं रोप, पाच पानं. या चिठ्ठीवर तारीख होती.

मी ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली, कारण रईसाने तसं सांगितलं होतं.

"२४१७. तेरा ऑगस्ट. उंची ४१२. सपाट दगडाखाली."

मी थांबले.

"पुढे," रईसा म्हणाली.

"दगडावर लीदा बसली आहे. लिहिते आहे. दोनदा हाक मारली."

किटली उकळत होती. ग्लाफिरा सेम्योनोव्हनांनी ती उतरवली.

तो दगड मला आठवत होता. तंबूच्या उत्तरेला, टेबलाएवढा. शोधाबद्दलचं मत लिहायला गुडघ्यापेक्षा तो बरा, म्हणून मी तिथे बसले होते. वारा नव्हता. ओढा दूर होता. पंधरा-वीस मिनिटं तरी मी तिथे होते.

"तू काही ऐकलं होतंस?" रईसाने विचारलं.

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही, राया."

तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पिरोगांचं पुडकं तिने माझ्याकडे सरकवलं आणि कोट चढवला.

"त्या पुस्तकात दिवंगत लिहू नकोस," ती दारातून म्हणाली. "बाकी तुझं शास्त्र तुझ्यापाशी."

मी सगळं वरिष्ठांना लेखी कळवलं. बर्फ वितळल्यावर, जूनमध्ये, आम्ही पाचजण सुएलवूमला गेलो. दगड होता तिथेच होता. तो पहारींनी उलटवला. खाली हातभर खडी आणि मग अखंड कातळ. कातळावर घण मारला तर भरीव आवाज आला. भेग कुठेही नव्हती. ती वनस्पती दरीत कुठेही नव्हती. मी दगडाजवळ बराच वेळ उभी राहिले आणि दोनदा केशाला हाक मारली. बरोबरच्या लोकांनी तेवढा वेळ पाठ फिरवली.

परत आल्यावर गठ्ठा कपाटात ठेवण्यासाठी मी तो मोजला. कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती. शेवटच्या घडीत २४३९ होती.

उंचीच्या आकड्याआधी उणे चिन्ह होतं.

वनस्पतीला मी नाव दिलं, त्याच्या नावावरून, कोणतंही विशेषण न लावता. कुळ मात्र ठरवता आलं नाही. 'स्थान अनिश्चित' असं लिहून भाग लेनिनग्राडला पाठवला. संपादकांनी तेवढं मान्य केलं. त्यांची एकच शंका होती. प्रत्येक जातीसाठी वरची आणि खालची मर्यादा द्यावी लागते. वरची ४१२ ठीक आहे, पण खालच्या मर्यादेचा आकडा टंकलेखनाची चूक दिसतो, तरी तपासून कळवावा, असं त्यांनी लिहिलं.

मी तपासून कळवलं. ऑक्टोबरात दुरुस्ती पाठवली, डिसेंबरात पुन्हा एक. दर वेळी रईसा येते, चिठ्ठी खिडकीजवळ नेऊन वाचते, आणि मी नवा आकडा लिहून पत्र बंद करते.

आज सकाळी तिसरी दुरुस्ती टपालात टाकली. २४४२, उणे तीनशे अठ्ठ्याऐंशी. रईसाने ती चिठ्ठी नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली होती. सगळे आठ बंद आहेत, ती म्हणाली. ऊब असणार तिथे. मी रकाने उतरवून घेतले. आढळ या रकान्यात आजवर 'तुरळक' असायचं. या खेपेला त्याने लिहिलं आहे, 'सर्वत्र'. आणि गोळा करणाऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे, त्याच सावकाश अक्षरात: 'व इतर'.