मामीचं न ऐकणारा ट्रॅक्टर

"मागे येतोय! अगं आई, तो मागे येतोय! ब्रेक दाब, ब्रेक!"

भोपू ओरडला आणि ओरडता ओरडताच त्याने चिमुरड्या पेन्सिलची कॉलर धरून त्याला खस्सकन बाजूला ओढलं. पुढच्याच क्षणी ट्रॅक्टरचं मागचं थोरलं चाक पेन्सिल बसला होता त्या बादलीवरून गेलं. बादलीची पार ताटली झाली! धाडकन कोंबड्यांचं खुराडं आडवं झालं. ट्रॅक्टरने एक हिसका दिला आणि तो बंद पडला.

अंगणात चिडीचूप. नुसती पिसं तरंगत होती, सावकाश, जणू काही घडलंच नाही.

खार झाडाच्या फांदीला घट्ट बिलगून बसली होती. बारा वर्षांची ही मुलगी जमिनीपेक्षा झाडावरच जास्त असायची, म्हणून तिचं नाव खार. पेन्सिल तिचा धाकटा भाऊ. अंगाने काडी आणि हातात सदा पेन्सिल! कागद ठेवायचा, वर पेन्सिल घासायची आणि खालचा ठसा उमटवायचा, हा त्याचा छंद. नाणी, पानं, नळाची झाकणं, त्याने काही म्हणून सोडलं नव्हतं. आणि भोपू म्हणजे मामाचा मुलगा. ट्रॅक्टरला हॉर्न नसता तरी चाललं असतं, असा त्याचा आवाज.

मामी ट्रॅक्टरवरून खाली उतरली. तिने पेन्सिलला जवळ ओढलं, त्याचे हात चाचपले, पाय चाचपले, डोकं चाचपलं.

"मी एकच टाकला होता हो," ती पुटपुटली. "शपथेवर सांगते, पहिलाच गिअर टाकला होता."

"पहिला टाकल्यावर ट्रॅक्टर मागे जातो होय?" दुखऱ्या कमरेचा पट्टा सावरत मामा गरजला. "गिअरच्या मुठीवर सगळं छापलंय! नुसतं वाचायचं होतं!"

तो कण्हत वर चढला. चावी फिरवली, गिअर टाकला, आणि ट्रॅक्टर शहाण्या बाळासारखा पुढे आला.

"बघा! माझ्या हातात कसा सरळ चालतो!"

मामीने चावी काढून घेतली, घरात जाऊन खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "आजपासून मी त्याला हात लावणार नाही. आज पोरगं वाचलं. उद्या वाचेलच असं नाही."

"मग मिस्त्रीला सांगतो, गिऱ्हाईक बघ म्हणून," मामा म्हणाला. डॉक्टरांनी त्याला ट्रॅक्टरवर बसायची सक्त मनाई केली होती, आणि नांगरणी तर तोंडावर आली होती.

"विकायचा?" भोपू ओरडला. किती कौतुकाने तो ट्रॅक्टर सजवला होता! मिस्त्रीकाकांच्या गॅरेजात एक नव्या मॉडेलचा ट्रॅक्टर अपघातात मोडून आला होता. त्याची स्प्रिंगची सीट, त्याचं स्टिअरिंग, त्याचे दिवे, गिअरच्या दांडीवरची काळी चकचकीत मूठ, सगळं त्यांनी या म्हाताऱ्याला बसवलं होतं. आजोबांनी नातवाचा सदरा घालावा तसा तो दिसत होता. आणि हे सगळं कशासाठी? तर मामीला चालवता यावा म्हणून! गेला आठवडाभर ती मुठीवरचं वाचून, स्वयंपाकघरात लाटणं उभं धरून, ते पुढेमागे करत गुणगुणत होती:

"डावीकडे पुढे पहिला, त्याच्यामागे दुसरा गं,
मधे थोडा विसावा घे, घाई सारी विसर गं."

झाडाखाली तिघे गोलात बसले.

"मामी चुकलेली नाही," खार म्हणाली. "मी वरून पाहिलंय. तिने दांडी डावीकडे घेऊन पुढे ढकलली. अगदी गाण्यातल्यासारखी!"

"मग बाबांच्या वेळी कसा गेला पुढे?" भोपूने विचारलं.

"हळू बोल, कोंबड्या आधीच घाबरल्यात!" खारीने डोळे मिटून सगळं पुन्हा आठवलं. मामा चढला. मान वळवून खुराड्याकडे पाहत राहिला. हात आपोआप दांडीवर गेला, आणि... ती ताडकन उभी राहिली. "मामाने दांडी मागे ओढली! मुठीकडे पाहिलंसुद्धा नाही!"

"म्हणजे मूठ खोटं बोलते?" पेन्सिलने डोळे विस्फारले.

तिघे जुनी मूठ शोधायला शेडकडे धावले. भंगाराच्या डब्यात गंजके बोल्ट होते, तुटकी साखळी होती, आणि तळाशी जुनी मूठ. पण ती तर गारगोटीसारखी गुळगुळीत! वीस वर्षं मामाच्या तळव्याने घासून घासून तिच्यावर एकही रेघ शिल्लक ठेवली नव्हती.

"संपलं!" भोपू हिरमुसला.

"थांब रे," पेन्सिल म्हणाला.

त्याने वहीचं पातळ पान मुठीवर ताणलं आणि पेन्सिल आडवी धरून घासायला लागला. इतक्या हळुवारपणे, जणू झोपलेल्या बाळाला थोपटतोय. आधी नुसतं काळपट. मग एक फिकी रेघ. मग दुसरी. डावीकडे मागच्या टोकाला उमटला एक. आणि पुढच्या टोकाला...

"आर!" खारीच्या अंगावर सर्रकन काटा आला. "आर म्हणजे रिव्हर्स! जिथे नवी मूठ 'एक' सांगते, तिथे या ट्रॅक्टरचा रिव्हर्स आहे!"

"मूठ नव्याची आणि पोटातले गिअर जुन्याचे!" भोपू किंचाळला.

धावत धावत त्यांनी कागद मामाला दाखवला. मामाने तो हातातही घेतला नाही. "ठसे काढून यंत्रं कळत नसतात. मिस्त्री येतोय दुपारी. त्याच्या कामात लुडबुड करू नका!"

खारीच्या डोळ्यांत एक चमक आली. "नाही करणार मामा. आम्ही फक्त अंगण आवरतो."

आणि कसं आवरलं! वाळल्या गवताचे आठ भारे त्यांनी ओढत आणले आणि ट्रॅक्टरच्या मागे एकावर एक रचले.

मिस्त्रीकाका फटफटीवरून आले ते हसतच. फटफटी त्यांनी नेमकी गवताजवळ लावली. टोपी काढून भाऱ्यावर ठेवली.

"काका, मूठ छान बसलीय हं," खार गोड आवाजात म्हणाली.

"बसणारच! दांडीचे आणि मुठीचे आटे जुळले की झालं!"

"चालवून पाहिलात?"

"इंजिन चालू करून पाहिलं की. वहिनींना सवय नाही, दुसरं काय!"

"मग मुठीवर वाचून एकदा चालवून दाखवा ना! मामीलाही बघू दे."

मामी दारात उभी होती, पदर मुठीत आवळून. मिस्त्रीकाका खिळ्यावरची चावी घेऊन ऐटीत चढले. तेवढ्यात भोपूने फटफटी गुपचूप लांब नेली आणि खारीने सगळ्यांना भिंतीशी उभं केलं.

"हा बघा, एक! डावीकडे, पुढे! आणि सोडला क्लच..."

ट्रॅक्टर गुर्रकन मागे उसळला! धप्प! धप्प! भारे कोसळले, मिस्त्रीकाका गवतात नाकापर्यंत बुडाले.

"अरे बापरे! हा... हा मागे कसा आला?"

कोणी हसलं नाही. मामाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने तो कागद मागून घेतला. मग डोळे मिटले आणि रिकाम्या हवेत हात नेला, रोज गिअर टाकायचा तसा. हात मागे गेला.

"वीस वर्षांत मी एकदाही मुठीकडे पाहिलं नाही," तो खोल आवाजात मामीला म्हणाला. "आणि तुला मात्र सांगितलं, वाच. तू वाचलंस. बरोबर वाचलंस. चूक माझी गं."

"माझी जास्त, वहिनी," गवत थुंकत मिस्त्रीकाका म्हणाले. "आटे जुळवले, गिअर तपासले नाहीत. या तिघांचं डोकं नसतं तर..." पुढचं त्यांना बोलवेना. त्यांनी चपटी झालेली टोपी उचलली आणि पेन्सिलच्या डोक्यावर ठेवली. "आजपासून माझ्या हातचं कुठलंही काम आधी तू तपासायचंस. कबूल?"

मुठीवरची छपाई खरवडून काढली. पेन्सिलचा कागद काचेखाली घालून सीटसमोर बसवला. मामाने ट्रॅक्टरची चावी काढली आणि मामीसमोर धरली. तिची नजर ताटली झालेल्या बादलीकडे गेली.

"मामी," पेन्सिल हळूच म्हणाला, "मी शेजारी उभा राहतो. भीती वाटली तर सांग."

मामीला हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले. तिने चावी घेतली. "तू त्या भिंतीशी उभा राहा, राजा!"

ती चढली. मागे पाहिलं, पुढे पाहिलं, दांडी मागे ओढली. म्हातारा घोगऱ्या आवाजात खाकरला आणि सरळ, अगदी सरळ, शेताकडे निघाला. इंजिनाच्या धडधडीतूनही तिचा आवाज मुलांपर्यंत येत होता:

"मागे ओढता पुढे धावे, पुढे ढकलता मागं गं,
उलटा माझा म्हातारबुवा, प्रेमानं त्याशी वाग गं!"