खरवईच्या पारावरचा प्रयोग

केंद्राच्या फाटकातच तो तिच्या अंगावर झोकांडी खात आला. अंजनी दचकली. ब्याण्णव सालचा श्रावण, अंबरनाथ पूर्वेच्या व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून तिचा पहिला दिवस... आणि दारातच पेशंट! तिनं त्याला दंडाला धरून बाकावर बसवलं.

"दादा, घाबरू नका. पाणी घ्या. घरी कोण असतं तुमच्या?"

तो बघतच राहिला. मग एकदम सरळ बसला.

"आई असते. लग्न व्हायचंय. पण तुम्ही दादा म्हणालात, पंचाईत झाली की!"

आतून बनूबाई नर्स हसत आल्या. "अगं, हा गुरुदत्त. वस्त्यांमधून पथनाट्यं करतो आपली. तालीम चाललीये त्याची!"

अंजनीचे कान लाल झाले. राग आला होता खरा, पण हसू काही आवरेना.

गुरुदत्त उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या वस्त्यांमधून पिणारी माणसं समजावून आणायचा, पुढचं बोलणं अंजनीचं. "मॅडम, आणला. आता तुमची पाळी," असं म्हणत तो तिच्या टेबलावर चहा ठेवून जायचा. जिन्यावर त्याची पावलं वाजली, की तिचं पेन उगाचच थांबायचं.

एका रविवारी खरवई गावात पथनाट्याचा प्रयोग होता आणि दारुड्याच्या बायकोचं काम करणारी मुलगी तापानं पडली.

"तुम्ही कराल?"

"मी? मला कुठं भांडता येतं?"

"डोळ्यांनी तर झकास भांडता!"

पाराभोवती ही गर्दी! अंजनी पदर खोचून उभी राहिली. गुरुदत्त झोकांड्या खात आला, लोक खदाखदा हसले. तेवढ्यात मागून आवाज चढला—

"ए, हा कसलं शहाणपण शिकवतो? गुत्त्यावर माझ्या शेजारी बसायचा हा!"

हशा थांबला. गुरुदत्तनं अंजनीकडे पाहिलं... तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मग तो ताठ उभा राहिला. "खरंय, भगवंतभाऊ. बाप गेला तेव्हा खांदा द्यायलाही मी शुद्धीत नव्हतो. याच केंद्रानं मला उठवलं. तुमच्या शेजारची जागा रिकामी झाली, त्याचा राग आहे का?"

भगवंत मटकन खाली बसला आणि हमसून रडू लागला. अंजनी गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ गेली. "उद्या या केंद्रात. मी असते तिथं." त्यानं मान हलवली.

परतताना गुरुदत्त रिक्षास्टँडशी थांबला. "आधीच सांगायला हवं होतं... पण तुमच्या मनातून उतरायची भीती वाटली. आता काय ते स्पष्ट सांगा."

"पुढच्या रविवारी बदलापूरला ये. मांजर्लीला, आमच्या घरी."

तिनं 'ये' म्हटलेलं ऐकून तो गडबडलाच. "प्र-प्रयोग आहे तिथं?"

"नाही. आईबाबांना भेटायला. आणि आजचं सगळं त्यांनाही सांगायचं."

"ते नको म्हणाले तर?"

"तर मी समजावीन त्यांना," अंजनी हसली. "पगार कशाचा घेते मग?"

गुरुदत्तनं भर रस्त्यात तिचा हात धरला. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला... पण हात सोडवून घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही.